चेक बँकेत भरताना: कुठे अडतो, का परत येतो आणि काय करायचं

चेक पेटीत टाकला की काम झालं असं वाटतं. खरं म्हणजे त्या क्षणी हातातला पैशाचा कागद गेलेला असतो आणि तो दिल्याचा पुरावा मात्र हातात आलेला नसतो. पुढचे चार दिवस पासबुक, मेसेज आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ यांच्यात जातात. यातला बराचसा त्रास चेक भरण्याआधीच्या पाच मिनिटांत टाळता येतो. त्यासाठी चेकचं पुढे नेमकं काय होतं, ते आधी कळायला हवं.

तुमचा चेक दुसऱ्या बँकेत जात नाही. जातो त्याचा फोटो.

पूर्वी चेकचे गठ्ठे क्लिअरिंग हाऊसमध्ये नेऊन बँका एकमेकींना देत. आता चेक ट्रंकेशन सिस्टिम, म्हणजे सीटीएस, आहे. ती दिल्लीत २००८ साली, चेन्नईत २०११ साली आणि मुंबईत २०१३ साली आली. पुढे २०२१ मध्ये देशातल्या सगळ्या बँक शाखा तिच्यात आल्या. तुमची बँक चेक स्कॅन करते. पुढच्या बाजूची एक करड्या छटांची प्रतिमा, पुढचीच एक निव्वळ काळी-पांढरी आणि मागच्या बाजूची एक काळी-पांढरी, अशा तीन प्रतिमा तयार होतात. त्या आणि खालच्या पट्टीवरचे आकडे एवढंच समोरच्या बँकेकडे जातं. पास झालेल्या चेकचा कागद तुमच्याच बँकेत थांबतो आणि तो १० वर्षं जपून ठेवणं तिला बंधनकारक आहे.

म्हणजे पास करणारा माणूस चेक हातात धरत नाही, स्क्रीनवर पाहतो. फिकट निळ्या शाईतली सही कागदावर छान दिसते, पण काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत तिची अर्धी वळणं गायब होतात. रकमेवर आलेला शिक्का कागदावर आरपार वाचता येतो, स्कॅनमध्ये तो डाग होतो. घडी बरोबर तारखेवरून गेली असेल तर तिथे सावलीची रेघ उमटते. चेककडे फोटो म्हणून पाहायची सवय लावली की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत.

चेक हातात आला की, देणारा समोर असतानाच

चेक घेतला आणि खिशात घातला, इथेच पहिली चूक होते. चूक सापडली तर दुसरा चेक लिहून देणारा माणूस अजून समोर आहे, तोवरच पाहून घ्या. तो गेल्यावर त्याला परत गाठण्यात आठवडा जातो.

आधी तारीख. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिने होती आणि अजूनही काही जण त्याच हिशेबात असतात. हे तीन महिने तुम्ही पेटीत टाकण्यासाठी नाहीत. चेक देणाऱ्याच्या बँकेपर्यंत तेवढ्या मुदतीत पोचायला हवा. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पेटीत टाकलेला चेक दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला तर तो शिळाच. पुढची तारीख असलेला चेक त्या तारखेआधी भरला तर तोही परत येतो. नवीन वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात सवयीने जुनं साल लिहिलं जातं. जानेवारीत मिळालेल्या चेकचं साल मुद्दाम वाचा, कारण मागचं साल पडलेला चेक लिहिता क्षणीच मुदतबाह्य झालेला असतो.

मग रक्कम. अंकी आणि अक्षरी एकच आहे का, हे बोट ठेवून वाचा. फरक असेल तर अक्षरी रक्कम धरावी असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं. त्याच्या जोरावर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात असा चेक ‘अक्षरी व अंकी रकमेत फरक’ म्हणून परत येतो आणि तुमचे दोन दिवस जातात.

खोडाखोड. सीटीएसमध्ये नाव, अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत केलेली दुरुस्ती चालत नाही, मग तिच्याखाली सही केलेली असली तरी. ‘खाली सही करून देतो, चालतं’ असं देणारा म्हणाला तर ते जुन्या काळातलं ज्ञान आहे. तारखेच्या दुरुस्तीपुरती नियमात सूट आहे, पण तिथेही पासिंगला कोण बसलंय यावर बरंच अवलंबून असतं. नवा चेक मागणं बरं. चेकबुकातलं एक पान गेल्याने कुणाचं फार बिघडत नाही.

सही पूर्ण आहे का आणि ठरलेल्या जागी आहे का, ते पाहा. ‘या रेषेच्या वर सही करा’ अशी सूचना छापलेली असते. तिच्याखाली सही उतरली तर ती आकड्यांच्या पट्टीत शिरते. कंपनीचा, सोसायटीचा किंवा संस्थेचा चेक असेल तर सह्या किती हव्यात तेही विचारा. गृहनिर्माण सोसायटीचा चेक बहुधा दोघांच्या सह्यांवर चालतो आणि घाईत एकाचीच राहते.

आता तो चेक उजेडासमोर धरा. कागदात ‘सीटीएस इंडिया’ असा जलचिन्हाचा मजकूर दिसायला हवा. डाव्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि ‘सीटीएस-२०१०’ असतं, रकमेच्या चौकटीआधी रुपयाचं चिन्ह असतं. हे काही नसेल तर तो जुन्या चेकबुकातला चेक आहे. ३१ डिसेंबर २०१८ नंतर असे चेक सीटीएसमध्ये घेतलेच जात नाहीत. कपाटात पडून राहिलेलं चेकबुक संपवायला काढणारे लोक अजून भेटतात.

शेवटी खालची पांढरी पट्टी. तिच्यावरचे चौकोनी वळणाचे आकडे चुंबकीय शाईचे असतात. डावीकडून पहिले सहा चेकचा नंबर. मग नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड, त्यात पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. त्यानंतर खात्याशी जोडलेले सहा आणि शेवटी व्यवहाराच्या प्रकाराचे दोन. या पट्टीवर टाचणी, स्टेपल, टेप, पेनची रेघ, काहीच नको. पट्टी फाटली असेल तर चेक भरण्याच्या भानगडीत पडू नका, बदलून घ्या.

शाईबद्दल एक खुलासा. काळ्या शाईत लिहिलेले चेक आता चालत नाहीत, असा मेसेज अधूनमधून फिरतो. असा नियम नाही. गडद आणि न पुसली जाणारी शाई असावी, एवढंच. फिकट रंगाची, जेल पेनची ओली किंवा घासून पुसता येणारी शाई नको. चेक मराठीत लिहिलेला असला तरी तो घ्यावाच लागतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाची भाषा, यांपैकी कशातही चेक लिहिता येतो. इतकंच काय, हिंदीत राष्ट्रीय शक संवताची तारीख घातलेला चेकसुद्धा बँकेने स्वीकारावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. अर्थात तसा चेक भरणाऱ्याने अधिकाऱ्याला दिनदर्शिका उघडून दाखवायची तयारी ठेवावी.

नाव हेच खरं दुखणं

रकमेची चूक दिसते. नावाची चूक दिसत नाही, कारण आपलंच नाव आपण वाचत नाही, ओळखतो.

चेकवरचं नाव तुमच्या बँक खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. आधार कार्डावर किंवा लग्नपत्रिकेत काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं किंवा वडिलांच्या नावाऐवजी आद्याक्षर आलं तर बहुतेक ठिकाणी चालून जातं. लग्नानंतर आडनाव बदललं, खातं माहेरच्या नावाने आणि चेक सासरच्या नावाने, इथे अडतं. चेक आधी भरून मग खुलासा करत बसण्यापेक्षा खात्यावरचं नाव बदलून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आणि नव्या नावाचं ओळखपत्र लागतं. तेवढा वेळ नसेल तर देणाऱ्याला जुन्या नावाने चेक लिहायला सांगा.

चेक दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाने आणि खातं मालकाचं वैयक्तिक बचत खातं, हे चालत नाही. ‘दुकान माझंच आहे’ हे खरं असलं तरी बँकेच्या लेखी फर्मचं नाव असलेलं खातं हवं. तसंच ‘अमुक आणि तमुक’ अशा दोघांच्या नावाने आलेला चेक दोघांचं संयुक्त खातं असेल तिथेच भरायचा. लग्नात नवरा-बायकोच्या नावाने मिळालेल्या चेकांचं नेमकं हेच होतं. संयुक्त खातं उघडायला वेळ लागतो आणि तोवर तीन महिन्यांचं घड्याळ चालू असतं.

चेकवर ‘अकाउंट पेयी’ लिहिलं असेल तर तो ज्याच्या नावाने आहे त्याच्याच खात्यात जमा होतो. मागे सही करून तो भावाच्या किंवा मित्राच्या खात्यात भरता येत नाही, दोघे जाऊन काउंटरवर उभे राहिलात तरी. एक अपवाद आपल्याकडे कामाचा आहे. तुमचं खातं सहकारी पतसंस्थेत असेल तर ५०,००० रुपयांपर्यंतचा तुमच्या नावाचा अकाउंट पेयी चेक, पतसंस्थेचं ज्या बँकेत खातं आहे ती बँक पतसंस्थेच्या खात्यात वसूल करू शकते. रक्कम त्याहून मोठी असेल तर बँकेतलं स्वतःचं खातं लागेल.

चेक वारलेल्या माणसाच्या नावाने आला, म्हणजे विम्याचा परतावा, लाभांश किंवा भाड्याची अनामत, तर तो वारसाच्या खात्यात भरू नका. चेक पाठवणाऱ्याला मृत्यूचा दाखला देऊन वारसाच्या नावाने नवा मागवणं हा सरळ मार्ग. दुसरी सोय अशी की बँक ‘कैलासवासी अमुक यांची इस्टेट’ अशा नावाचं खातं उघडून त्यात अशा रकमा जमा करून घेऊ शकते. त्यातून पैसे मात्र काढता येत नाहीत, ते दाव्याचे सोपस्कार झाल्यावर.

दोन वर्षं हात न लावलेलं खातं बँक निष्क्रिय ठरवते. अशा खात्यात चेक भरायचा असेल तर आधी केवायसीचे कागद देऊन ते चालू करून घ्या. नाहीतर चेक वटतो आणि पैसे मात्र काढता येत नाहीत.

मागची बाजू आणि स्लिप

चेकच्या वर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा नसतील, तर त्या आधी तुम्हीच मारा आणि त्यांच्यामध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा. चेक ज्याच्या हातात आहे त्याला रेघा मारायचा अधिकार आहे, त्यासाठी देणाऱ्याची सही लागत नाही. रेघा नसलेला बेअरर चेक, म्हणजे जो हातात धरून येईल त्याला पैसे मिळतील असा चेक, पेटीत टाकणं म्हणजे रोकड टाकण्यासारखंच.

मागच्या बाजूला खाते क्रमांक, खातेदाराचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा. स्लिप आणि चेक वेगळे झाले तर कारकुनाला याच तीन ओळींवरून तुमचं खातं सापडतं. लिहिताना फार दाबू नका, पुढे वळ उमटतो. सही मागायची पद्धत काही शाखांत आहे. अकाउंट पेयी चेकला तिची गरज नसते, पण मागितली तर हुज्जत घालण्याएवढं त्यात काही नाही.

स्लिपचे दोन भाग असतात, मोठा बँकेचा आणि छोटा तुमचा, म्हणजे काउंटरफॉइल. दोन्हींवर खाते क्रमांक पूर्ण लिहा, पासबुकात बघून. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतात आणि चूक तुमची ठरते. चेकचा नंबर सहा आकडी, खालच्या पट्टीतला पहिला गट. ‘बँक व शाखा’ या रकान्यात ज्या बँकेचा चेक आहे तिचं नाव येतं, तुमच्या बँकेचं नव्हे. इथे निम्मे लोक चुकतात. तीन चेक असतील तर तीन स्लिपा करा. एकाच स्लिपवर बेरीज लिहून भरलेल्या तिघांतला एक परत आला की पासबुकातल्या नोंदी जुळवताना डोकं उठतं.

चेक स्लिपला स्टेपल करू नका. टाचणी मारलेले चेक स्कॅनरमध्ये अडकतात आणि पिन काढताना फाटतात. लावायचीच तर साधी क्लिप लावा, पट्टीपासून दूर.

भरण्याआधी मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढा, पट्टीतले आकडे वाचता येतील असा. चेक गहाळ झाला तर पहिला प्रश्न येतो ‘नंबर काय होता?’ आणि तेव्हा कुणालाच तो आठवत नाही.

पेटी, मशीन की काउंटर

रांग नको म्हणून पेटी सोयीची वाटते. पण पेटीत टाकलेल्या चेकचं काउंटरफॉइल म्हणजे तुम्हीच स्वतःला लिहिलेली चिठ्ठी. त्यावर बँकेचा शिक्का नसतो.

पेटी असली तरी काउंटरवर चेक घेऊन स्लिपवर शिक्का मारून द्यायला शाखेने नकार देऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. ‘ग्राहक काउंटरवरही चेक देऊन पोच घेऊ शकतात’ अशी सूचना पेटीवरच लावायची असते. काउंटरवरून ‘पेटीत टाका’ असं सांगितलं तर शांतपणे त्या सूचनेकडे बोट दाखवा. एवढ्यावर सहसा शिक्का मिळतो. नाही मिळाला तर शाखाधिकाऱ्याच्या टेबलापाशी जा आणि तेच वाक्य बोला. आवाज चढवायची गरज नसते, नियम तुमच्या बाजूने आहे.

शिक्का मिळाल्यावर तिथेच पाहा की त्यावर तारीख आहे का आणि ती आजची आहे का. दुपारी उशिरा गेलात तर कधीकधी दुसऱ्या दिवसाची तारीख मारून देतात. चेक त्या दिवसाच्या क्लिअरिंगच्या वेळेनंतर दिला असेल तर ते बरोबर असतं, पण विचारून घ्या.

चेक भरायचं मशीन असेल तर मधला मार्ग म्हणून ते बरं आहे. खाते क्रमांक टाकायचा, पडद्यावर नाव येतं ते तपासायचं, चेक सांगितलेल्या बाजूने सरकवायचा. मशीन पट्टी वाचतं, रक्कम विचारतं आणि पावती छापतं, बऱ्याचदा चेकच्या छोट्या चित्रासह. ती पावती थर्मल कागदाची असते, उन्हात महिन्याभरात कोरी होते. लगेच फोटो काढा. मशीनने चेक ओढला आणि पावती आली नाही तर तिथून हलू नका. पडद्याचा फोटो, वेळ आणि मशीनवरचा क्रमांक घेऊन आत जा.

लहान रकमेचा, सहज दुसरा मिळू शकेल असा चेक पेटीत टाकायला हरकत नाही. मुदत संपत आलेला, मोठ्या रकमेचा किंवा ज्याच्याकडून वसूल करणं अवघड अशा माणसाचा चेक फक्त काउंटरवर द्यावा. पेटीत टाकायचाच असेल तर पेटी उघडायची वेळ तिच्यावर वाचा. ‘क्लिअरिंग’ आणि ‘ट्रान्सफर’ अशा दोन फटी असतील तर आपल्याच बँकेचा चेक ट्रान्सफरमध्ये जातो. तो क्लिअरिंगला जातच नाही, आतल्या आत वळता होतो आणि म्हणून लवकर जमा होतो.

पैसे कधी येतात

४ ऑक्टोबर २०२५ पासून पद्धत बदलली. आधी दिवसभराचे चेक एकगठ्ठा पाठवले जात आणि निकाल दुसऱ्या दिवशी लागे. आता स्कॅन होतील तसे चेक दिवसभर पुढे जात राहतात. देणाऱ्याच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत ‘पास’ किंवा ‘परत’ कळवायचं. काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर समजला जातो. हिशेब पूर्ण झाल्यावर तुमच्या बँकेने तासाभरात पैसे खात्यात टाकायचे.

मग तरीही दोन दिवस का लागतात? कारण हे घड्याळ चेक स्कॅन झाल्यावर सुरू होतं, पेटीत पडल्यावर नाही. सायंकाळी पेटीत पडलेला चेक उद्या सकाळी बाहेर निघतो. काही शाखा स्वतः स्कॅन करत नाहीत, चेक गोळा करून दुसऱ्या ठिकाणी पाठवतात. लहान सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंगमध्ये येतात, त्यामुळे त्यांची वेळ आधीच संपते. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. म्हणून शाखेत विचारायचा प्रश्न ‘पैसे कधी येतील’ हा नाही. ‘आजच्या क्लिअरिंगला किती वाजेपर्यंत घेता’ हा आहे. पहिल्या प्रश्नाला ‘दोन-तीन दिवस’ असं ठरीव उत्तर मिळतं, दुसऱ्याला वेळ मिळते.

खात्यात रक्कम दिसते पण काढता येत नाही, असंही होतं. ती रक्कम अजून वटलेली नसते, नोंद तेवढी पडलेली असते. ‘उपलब्ध शिल्लक’ हा आकडा पाहून मगच पुढचा चेक लिहा.

मोठा चेक आणि पॉझिटिव्ह पे

१ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय आहे. चेक देणाऱ्याने आपल्या बँकेला ॲपवरून, नेट बँकिंगवरून किंवा शाखेत जाऊन चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी कळवायची. ५ लाख आणि त्यावरच्या चेकना ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे आणि बऱ्याच बँकांनी ती केली आहे. हे काम चेक भरणाऱ्याला करता येत नाही. म्हणून मोठा चेक घेताना विचारा: ‘पॉझिटिव्ह पे केलंत का?’ केलं असेल तर नाव काय टाकलं तेही. चेकवर पूर्ण नाव आणि ॲपमध्ये टोपणनाव, एवढ्यावरून लाखोंचा चेक परत आलेला असतो.

परत आला तर

आधी रिटर्न मेमो मागा. चेक परत आल्यावर बँकेने तो २४ तासांच्या आत तुमच्याकडे परत करायला हवा, कारण लिहिलेल्या मेमोसह. नुसता ‘चेक रिटर्न’ असा मेसेज आला म्हणून थांबू नका. पुढे वाद झाला तर मूळ चेक आणि मेमो हेच दोन कागद कामाला येतात.

मेमोवरचं कारण दोन जातींचं असतं. प्रतिमा अस्पष्ट, पट्टी वाचता आली नाही, तुमच्या बँकेचा शिक्का राहिला, ही तांत्रिक कारणं. यात तुमचा दोष नाही. असा चेक तुमच्या बँकेने तुम्हाला हेलपाटा न घालता पुढच्या क्लिअरिंगमध्ये, फार तर २४ तासांत, पुन्हा पाठवायचा असतो आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. चेक परत आल्याचा आकार खातेदाराची चूक असेल तेव्हाच लावता येतो. शंभर-दोनशे रुपये आणि त्यावर जीएसटी कापलेला दिसला तर मेमोवरचं कारण दाखवून लेखी मागणी करा. पैसे परत मिळतात, फक्त कुणी मागत नाही.

दुसरी जात म्हणजे ‘शिल्लक अपुरी’, ‘खातं बंद’, ‘देणाऱ्याने पेमेंट थांबवलं’, ‘सही जुळत नाही’. इथे आधी देणाऱ्याला फोन करा. बऱ्याचदा पगार उशिरा झालेला असतो आणि तोच म्हणतो, अमुक तारखेला परत भरा. मुदत शिल्लक असेल तर तोच चेक पुन्हा भरता येतो. मात्र तो टोलवतोय असं दिसलं तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, म्हणजे न वटलेल्या चेकबद्दल फौजदारी तक्रारीची, मुदत मोजायला लागा. १० जूनला बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं, तर लेखी नोटीस ३० दिवसांच्या आत, म्हणजे १० जुलैपर्यंत, जायला हवी. ती त्याला १४ जुलैला मिळाली तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, २९ जुलैपर्यंत. तरी नाही दिले तर ३० जुलैपासून एक महिन्यात न्यायालयात तक्रार. तक्रार तुमचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात करता येते, देणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटिशीत चेकची रक्कम नेमकी आणि वेगळी मागा. व्याज, खर्च, मनस्ताप सगळं एका आकड्यात कोंबलेल्या नोटिशी न्यायालयात अडकतात. ही नोटीस वकिलाकडून लिहून घ्यावी आणि पोस्टाच्या पोचपावतीसारखा पोचल्याचा पुरावा ठेवावा. भेट किंवा देणगी म्हणून दिलेला चेक वटला नाही तर हे कलम लागत नाही, मागे कायदेशीर देणं असावं लागतं.

चेकच सापडत नाही

शिक्क्याच्या तारखेनंतर तीन कामाचे दिवस गेले आणि जमाही नाही, मेमोही नाही, तर शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात चेकचा नंबर, देणारी बँक, रक्कम, भरल्याची तारीख आणि काउंटरफॉइलची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्याच दिवशी चेक देणाऱ्याला सांगा, त्याला पेमेंट थांबवता येईल. तोंडी विचारणेचा कुठेही माग राहत नाही, त्यामुळे चौकशीच्या खिडकीशी चार फेऱ्या मारल्या तरी त्या हिशेबात धरल्या जात नाहीत.

वसुलीसाठी घेतलेला चेक वाटेत किंवा बँकेत हरवला तर जबाबदारी तुमच्या बँकेची आहे. तिने ताबडतोब कळवायचं, नवा चेक मिळवायला आलेला रास्त खर्च आणि त्यात गेलेल्या काळाचं व्याज द्यायचं. देणाऱ्याने पेमेंट थांबवण्यासाठी बँकेला भरलेले पैसे त्या खर्चात मागता येतात, पावती जोडा. नुसता उशीर झाला असेल तर भरपाई बँकेच्या चेक वसुली धोरणानुसार मिळते. हे धोरण प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असतं. धोरणात दर लिहिलेला नसेल तर स्थानिक चेकला उशीर झालेल्या दिवसांचं बचत खात्याच्या दराने व्याज द्यावं लागतं. १०,००० रुपयांवर चार दिवसांचं व्याज चहाच्या किमतीएवढंही होत नाही, हे खरं. पण व्याज मागणारा अर्ज नोंदला गेला की हरवलेला चेक शोधायला कुणीतरी खुर्चीतून उठतं.

शाखेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, चौकशीचा क्रमांक १४४४८. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाही, म्हणून पोच घेतलेली अर्जाची प्रत आधी अपलोड करा. तिच्यासोबत शिक्का मारलेलं काउंटरफॉइल, चेकचे दोन्ही फोटो आणि भरल्याच्या दिवसापासूनचा खातेउतारा जोडा.